लांबट खाटेचं प्रमेय

कॉलेजच्या कँटीनमधलं टेबल डुगडुगलं आणि तालिब आतारच्या कपातला चहा बशीत सांडला. झालं ते एवढंच. बशीत चहा सांडल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, आणि पुण्यात उभा जन्म काढलेल्या, केस पिकलेल्या गणिताच्या प्राध्यापकाचं तर नाहीच नाही. पण समोर बसलेली जास्मिन मुलाणी, याच वर्षी विभागात रुजू झालेली, पर्समधून कागदी रुमाल काढून टेबलाच्या पायाखाली सारायला त्याची घडी घालू लागली आणि तालिबच्या तोंडून निघून गेलं, "पुठ्ठा नको." तिच्या हातात पुठ्ठा नव्हताच. ती त्याच्याकडे बघत राहिली. तालिब उठला, दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या आणि कपबशांसकट ते हळूहळू फिरवायला लागला. शेजारच्या टेबलावरचे मेकॅनिकलवाले बोलायचे थांबले. कँटीनचा पोऱ्या म्हणाला, सर, दुसरं टेबल देऊ का. तालिबचं लक्ष नव्हतं. थोडं फिरल्यावर टेबल गप्प झालं. त्यानं एकेक कोपरा तळव्यानं दाबून पाहिला, टेबल हललं नाही, आणि मग तो खाली बसून ओशाळ्यासारखा हसला. "माझं सगळ्यात आवडतं प्रमेय आहे हे," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे आज विचारलं नव्हतं. दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, सर, तुमचं आवडतं प्रमेय कोणतं, आणि तालिब कुठल्या तरी थोर माणसाच्या नावाचं भारदस्त प्रमेय फेकून मोकळा व्हायचा. टेबलाचं प्रमेय सांगितलं तर पोरं हसतील असं वाटायचं त्याला. लोक आवडीची गाणी सांगताना लाजत नाहीत, हा माणूस प्रमेय सांगताना लाजायचा.

"फक्त चौरस टेबलाला लागू पडतं," त्यानं पुढं जोडलं. "लांबट असेल तर सिद्ध होत नाही." जास्मिन भुवया उंचावून म्हणाली, "होतं की सर. आयतालाही होतं. वीसेक वर्षं झाली असतील." तिनं मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि त्याच्यापुढं धरलं. तालिबनं चष्मा कपाळावर ढकलून वाचलं, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. युक्ती चार ओळींची होती. तिच्यात न समजण्यासारखं काही नव्हतं, बारावीच्या पोराला समजावी अशी होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण एखाद्या जवळच्या घरात लग्न होऊन गेलं, त्यांना नातवंडंही झाली आणि आपल्याला आज कळतंय, तसं काहीसं झालं त्याला. कारण ही बातमी त्याची नव्हतीच. ज्याची होती तो माणूस डिंभ्याच्या धरणापलीकडं, डोंगरातल्या एका वाडीत राहत होता, आणि "खाटेचं काही कळलं तर सांग रे" एवढंच त्यानं तालिबकडं आयुष्यात मागितलं होतं.

घरी येऊन त्यानं फोन लावला. पलीकडून गोजरबाई बोलल्या, त्याला शाळेत गणित शिकवलेल्या तळपे सरांच्या पत्नी. "कोन? आळंफाट्याचा तालिब? निजामभाईचा?" त्यानं सरांची चौकशी केली. "काय सांगू बाबा. दोन येळा झटका यून ग्येला. उजवी बाजू ग्येली. बोलत न्हाईत, कुनाला वळखत न्हाईत. मलाबी कवा कवा परक्यावानी बघत्यात. यायचं आसंल तर ये लवकर." रुबिना, त्याची बायको, बॅग भरून देताना म्हणाली, "एवढंच सांगायचंय ना? त्यांच्या कानाला फोन लावायला सांगा आणि सांगा की." तालिब म्हणाला, "ते फोनवर सांगायचं नाही." का नाही, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याला भीती वाटत होती. बातमी सांगावी आणि ऐकणारा आत नसावाच, याची भीती.

आता गंमत बघा. वाडीला जायचं तर मंचरला उतरून घोडेगावची गाडी धरायची, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण कंडक्टर समोर येऊन उभा राहिला आणि तोंडातून आपसूक निघालं, "आळेफाटा एक." तिकीट हातात आल्यावर चूक कळली, तरी त्यानं दुरुस्त केली नाही. खिडकीतून खेड गेलं, मंचर गेलं, नारायणगाव गेलं, द्राक्षांचे मांडव गेले. तो बसून राहिला. आळेफाट्याला उतरला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं, नाशिकच्या, नगरच्या गाड्या एकमेकींना हॉर्न देत होत्या, आणि जिथं अब्बांचं हॉटेल होतं तिथून आता रस्ता जात होता. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची सगळी ओळच गेली होती. गॅरेजच्या दारातला माणूस हात पुसत म्हणाला, "काय पावणं, काय हरावलंय का?" तालिब "टेबल" म्हणणार होता. "काही नाही," म्हणाला, आणि दुभाजकाच्या कडेला उभा राहून त्यानं अंदाज घेतला. इथं भट्टी. इथं गल्ला. आणि इथं, ज्याच्यावरून आत्ता कांद्याचा ट्रक गेला, तिथं चौथं टेबल.

ते चौथं टेबल म्हणजे अब्बांच्या जिवाला घोर होता. निजामभाईचं हॉटेल म्हणजे चार टेबलं, एक भट्टी आणि खाली कोबा. कोबा घालणाऱ्यानं घाईत घातला असावा, कारण त्याला पोट होतं आणि खळगेही होते, पाणी टाकलं की कुठंही तळं साचायचं. बाकीची टेबलं कशीबशी निभायची. चौथ्यावर मात्र ड्रायव्हर लोक कोपर टेकायचे आणि चहा बशीत. "निजामभाई, टेबल हाय का झोपाळा?" असं कुणी म्हटलं की अब्बा बिडीच्या बंडलाचा पुठ्ठा फाडायचे आणि टेबलाखाली घुसायचे. सकाळी कोबा धुतला की पुठ्ठा भिजून लगदा व्हायचा, संध्याकाळी पुन्हा नवा. अम्मी, अमिरुन्निसा तिचं नाव, आतून म्हणायची की ह्या माणसाचा अर्धा जन्म टेबलाखाली गेला. अशा एका शनिवारी, आळे गावातली सकाळची शाळा सुटल्यावर, तळपे सर मंचरच्या गाडीची वाट बघत चौथ्या टेबलावर बसले होते. चिमाजी तळपे, गणिताचे मास्तर, डोंगरातले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पण बाहीला कायम खडू. सोमवारी घरून येताना अम्मीच्या खोकल्यासाठी पिशवीतून हिरडा आणायचे, दिवाळीनंतर नवा तांदूळ. त्या शनिवारी अब्बा पुठ्ठा घेऊन वाकले तसे सर म्हणाले, "निजामभाई, पुठ्ठा राहू द्या." त्यांनी आधी सुतळी घेऊन टेबलाचे चारी पाय मोजले. सारखे निघाले. "दोष पायात असता तर पुठ्ठा लागला असता. दोष जमिनीत आहे. जमिनीतल्या दोषाला नुसतं फिरवलं तरी पुरतं." आणि त्यांनी टेबल फिरवलं, आणि ते उभं राहिलं. अब्बा गिऱ्हाईक सोडून बघत राहिले. तालिब नववीत होता, त्याच्या हातात कपांचा ट्रे होता, तो त्यानं तसाच धरून ठेवला.

"इकडं ये," सर म्हणाले. "तीन पाय कायम टेकलेले असतात, बरोबर? अधांतरी असतो एकच. आत्ता कोण होता? हा. आता मी टेबल पाव फेरा फिरवलं तर ह्याच्या शेजारचा बरोबर ह्याच्या जागेवर येतो. मग अधांतरी राहायची पाळी कुणावर?" शेजाऱ्यावर, तालिब म्हणाला. "मग ह्याच्यावरची पाळी संपून शेजाऱ्यावर जायच्या मधे काय झालं असेल?" तालिबला आजही आठवतं, भट्टीवर दूध वर आलं होतं आणि अम्मी आतून ओरडत होती, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी सावकाश फिरून जागेवर बसलं. "मधे एकदा कुणाचीच पाळी नसेल." "परत सांग," सर म्हणाले. त्यांची ती पद्धतच होती. पोरगं "कळलं" म्हणालं की ते म्हणायचे, "कळलं? मग परत सांग." नुसतं कळलं म्हणणाऱ्याला त्यांच्या दरबारात किंमत नव्हती. तालिबनं सगळं परत सांगितलं, पहिल्यापासून, ट्रेमधले चार कप मांडून. सर म्हणाले, "बरोबर." आणि गाडीत चढले. त्यांची सगळी शाबासकी त्या एका शब्दात असायची, पाठीवर हात वगैरे काही नाही. गाडी हलताना तालिबनं खिडकीपाशी धावत विचारलं होतं, पण ती जागा नेमकी कुठं असते सर? "ते प्रमेय सांगत नाही. आहे, एवढंच सांगतं. शोधायची आपण," ते म्हणाले. आहे एवढंच सांगतं. पुढं बी.एस्सी.ला, एम.एस्सी.ला याच जातीची मोठमोठी प्रमेयं तालिबला भेटली, तेव्हा वर्गातली इतर मुलं वैतागायची, की जागा सांगता येत नाही तर कसलं प्रमेय. त्याला मात्र प्रत्येक वेळी दूध उतू गेल्याचा वास यायचा. अब्बांनी त्या वेळी वेगळंच केलं. दुसऱ्या दिवशी टेबल जिथं स्थिर झालं तिथं कोब्यावर चार पायांभोवती तेलरंगाचे चार पांढरे ठिपके काढून टाकले, की रोज फिरवत बसायला नको. सर बघून नाराज झाले. "निजामभाई, तुम्ही प्रमेयाला कुलूपच घातलंत की." अब्बा म्हणाले, "सर, मला चहा विकायचाय." ते ठिपके तालिब रोज घासायचा आणि ते कधी निघायचे नाहीत. आता तो तिथंच उभा होता आणि खाली डांबर होतं. डोळ्यांत पाणी येईल असं त्याला वाटलं, आलं नाही. त्यानं टपरीवर पाण्याची बाटली घेतली आणि मंचरकडं जाणारी उलटी गाडी धरली.

घोडेगावहून पुढं जीप मिळाली. डिंभ्याचं पाणी एका बाजूला लागलं, रस्ता वर चढायला लागला, आणि तालिबचं मन एका संध्याकाळभोवती घुटमळायला लागलं. ती संध्याकाळ त्याला नीट आठवायची, फक्त मधला एक तुकडा सोडून. त्या दिवशी वर कुठं तरी दरड पडली होती, सरांची गाडी आलीच नाही, आणि अब्बा म्हणाले, आज आमच्याकडं राहा. हॉटेलमागच्या अंगणात दोन लोखंडी खाटा टाकल्या. अंगण म्हणजे नुसती मुरमाड जमीन, उंचसखल, आणि पाहुण्याची खाट डुगडुगली. अब्बा हसले, "सर, आता तुमचं प्रमेय काढा." दोघं खाट धरून फिरवायला लागले आणि अब्बा म्हणाले, "फिरवा किती पण, फक्त पाय पश्चिमेला नको." काबा तिकडं, तिकडं पाय करून आपल्यात झोपत नाहीत, हे सरांना माहीत असणारच. सर थांबले आणि काहीतरी म्हणाले. काय म्हणाले तो तुकडा हरवला होता. त्यावर अब्बा एवढे हसले की ठसका लागला, अम्मी पाणी घेऊन बाहेर आली, ते सगळं आठवत होतं. अब्बा गेल्यापासून तालिबनं कितीदा तरी त्या जागी जाऊन बघितलं होतं. अब्बांना इतकं हसताना त्यानं एरवी पाहिलं नव्हतं, आणि कशाला हसले तेच नाही. मग खाट कशीबशी बसली, पण सर गप्प झाले. जेवणं झाली तरी गप्प. "चुकलं," ते म्हणाले. "बसली खरी, पण माझ्या युक्तीनं नाही बसली. टेबल चौरस होतं, पाव फेऱ्यात पाय शेजाऱ्याच्या जागेवर जातो. खाट लांबट आहे. पाव फेऱ्यात पाय भलतीकडंच जातो. लांबट खाटेचं मला सिद्ध करता येत नाही." होत असेल का पण, तालिबनं विचारलं. "होत असणार. मन सांगतं. पण मन सांगतं ते गणित नव्हे." त्यानंतर किती वर्षं ते त्यामागं होते देव जाणे. बारावीनंतर तालिब पुण्याला निघाला तेव्हा फाट्यावर गाडीत बसवायला आले होते, आणि खिडकीतून वाकून, जणू काही घरचं सामान आणायला सांगावं तसं, म्हणाले, "खाटेचं काही कळलं तर सांग रे."

वाडीत पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. घर साधं, कौलारू, पुढं मोठी पडवी सारवलेली, एका बाजूला भाताची पोती रचलेली. आणि आत पाऊल टाकायच्या आधी तालिबला आवाज ऐकू आला. ठक. ठक. ठक. पडवीत लोखंडी खाट होती, तिच्यावर सर पडलेले, डोकं अंगणाकडं, अंगावर गोधडी. डावा हात गोधडीवर सतत थरथरत होता, त्या थरथरीनं खाट हलत होती, आणि खाटेचा एक पाय जमिनीवर वाजत होता. गोजरबाई बाहेर आल्या, त्याला आपादमस्तक बघितलं. "लई मोटा झालास की रं. बापासारखाच दिसतोस." मग त्याचं लक्ष कुठं आहे ते पाहून म्हणाल्या, "ह्यो आवाज? दिसभर चालतोय. दगडाची चीप लावते पायाखाली, सारवलं की निगती. माजं तर डोकं उठतंय, पन ह्यांना कसं सांगू, हात हलवू नगा म्हनून." तालिब खाटेजवळ गेला. "सर, मी तालिब. आळेफाट्याचा." सरांनी डोळे फिरवले. नजर त्याच्यावरून गेली, कौलांवर गेली, पोत्यांवर गेली आणि तिथंच राहिली. ज्या डोळ्यांच्या धाकानं पोरं पाढे म्हणायची ते डोळे पोती बघत होते. तालिब खाटेच्या कडेला बसला तशी खाट त्याच्या वजनानं कलली आणि पलीकडचा पाय उचलला गेला. परत जावं, असं त्याला मनापासून वाटलं. चहा घ्यावा, दोन शब्द बोलावेत, गोजरबाईंच्या हातात फळांची पिशवी द्यावी आणि निघावं, सगळे तसंच करतात.

पण तो त्यासाठी आला नव्हता. "सर, लांबट खाटेचं सिद्ध झालंय," तो म्हणाला. ठक, ठक. "चौरसाची युक्ती सोडायची सर. पाव फेरा विसरायचा. खाटेचे पाय कर्णानं धरायचे. समोरासमोरचे दोन एका जोडीत, उरलेले दोन दुसऱ्या जोडीत. आता खाट फिरायला लागली की दोन्ही जोड्या एकाच वर्तुळावरून चालतात." त्यानं गोधडीच्या टाक्यांवर आपली दोन बोटं उभी केली आणि चालवायला लागला, एक पुढं, एक मागं. "वाट एकच. पहिली जोडी ज्या चढावर चढली, त्याच चढावर थोड्या वेळानं दुसरी चढणार. पहिली ज्या खळग्यात उतरली त्यातच दुसरी उतरणार. मग पूर्ण फेऱ्यात एकच जोडी कायम वर राहील कशी? दोघींच्या वाट्याला सारखीच जमीन येते. म्हणजे कुठं तरी दोघी बरोबरीला येतात. तिथं खाट बसते." बोटं टाक्यांवरून गोल फिरून पहिल्या जागी आली. सर पोत्यांकडं बघत होते. दाराला टेकून उभ्या गोजरबाई म्हणाल्या, "म्हंजी फुडचा ज्या खड्ड्यात पडला त्याच खड्ड्यात मागचाबी पडनार. आसंच की." तालिबला हसू आलं, आणि त्याच क्षणी रडूही येईल असं वाटलं. "असंच," तो म्हणाला. "ह्ये सांगाया पुन्याहून आलास?" "हो." त्या पदर खोचत म्हणाल्या, "मंग फिरव की. बगू तरी."

सर वजनाला काही राहिलेच नव्हते. पोती एकीकडं होती, त्यामुळं खाट दुसऱ्या बाजूनंच फिरवायला जागा होती. तालिबनं उशाकडची बाजू धरली, गोजरबाईंनी पायथ्याची. तालिबच्या मनात एकच गोष्ट होती, आल्यापासून टोचत असलेली. डोकं अंगणाकडं, पूर्वेला, म्हणजे सरांचे पाय सरळ पश्चिमेला होते. सरांना त्याचं काही नव्हतं, हे त्याला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. कुठंही बसू दे पण पश्चिम सुटू दे, असं मनात घोकत तो इंच इंच सरकत होता. थांबायचं, हातानं दाबून बघायचं, ठक, पुन्हा सरकायचं. एकदा वाटलं हीच जागा, पण नव्हती. सरांचा हात थरथरतच होता. मग एका ठिकाणी तालिबनं खाट टेकवली आणि आवाज आलाच नाही. हात थरथरतोय आणि खाट गप्प. पडवीत इतकी शांतता झाली की मागच्या गोठ्यात म्हैस रवंथ करत होती तेही ऐकू आलं. "बसली," तालिब म्हणाला. त्यानं गोजरबाईंकडं बघितलं तर त्यांचं तोंड उतरलेलं.

"उचल," त्या म्हणाल्या. "उचल म्हनते ना. दक्षिनेला पाय क्येलेस तू त्यांचं. आजून जितं हायेत ह्ये." तालिब खाटेची कड धरून तसाच उभा राहिला. खरंच की. मेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेला करतात यांच्यात. एवढी वर्षं हिंदू शेजारात काढली, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच, पण त्याच्या हातांना एकच दिशा राखायची सवय होती. पश्चिमेला सांभाळता सांभाळता त्यानं आपल्या गुरूला नेऊन यमाच्या दारात झोपवलं होतं. "चुकलं काकी," तो पुटपुटला. "परत फिरवू." परत फिरवायचं म्हणजे परत ठक ठक, आणि दुसरी जागा कुठं आहे ते प्रमेय सांगत नाही. गोजरबाई पायथ्याशी वाकल्यासुद्धा. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, घशात अडकून, तुटून आलेला. "उ… शी." दोघंही थबकली. महिनोन्महिने शब्द न काढलेल्या माणसाच्या तोंडाला जीभ आली होती आणि डावा हात उचलून तो पायथ्याकडं दाखवत होता. "उशी… तिकडं."

तालिबला समजायला एक क्षण लागला. लांबट खाट अर्धा फेरा फिरली की आपल्याच पायखुणांवर येऊन उभी राहते. म्हणजे खाटेला फिरवायचं कारणच नव्हतं, माणसाला फिरवलं की झालं. त्यानं सरांच्या खांद्यांखाली हात घातले, गोजरबाईंनी पाय धरले, आणि त्यांना उचलून दुसऱ्या टोकाला डोकं केलं. उशी तिकडं, गोधडी इकडं. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. खाट वाजली नाही. आणि सरांच्या मानेखालून हात काढून घेताना तो हरवलेला तुकडा एकदम, काही न करता, त्याच्यापुढं येऊन उभा राहिला: मुरमाड अंगण, खाटेची दुसरी बाजू धरलेले तरणे तळपे सर, आणि ते म्हणताहेत, "आणि माझे दक्षिणेला नकोत बरं का निजामभाई. एक दिशा तुमच्या देवानं अडवली, एक आमच्या यमानं. राहिल्या दोन. आता त्या दोनांत प्रमेय बसवायचं." आणि अब्बा हसताहेत, हसता हसता म्हणताहेत, "दोन लई झाल्या सर, माणसाला एक पुरते," आणि ठसका लागतोय, आणि अम्मी तांब्या घेऊन येतेय. त्या रात्री दोघंही असेच झोपले होते, डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, शेजारी शेजारी. तालिबनं तोंड फिरवलं. पोरवयातला सगळा आळेफाटा, डांबराखाली गेलेला, त्याच्या छातीत धडका देत होता आणि त्याला तो कुणाला दाखवता येत नव्हता.

गोजरबाई आत जाऊन चहा घेऊन आल्या. एक कप त्याला दिला, दुसरा, अंदाज घेत घेत, खाटेच्या कडेच्या पट्टीवर ठेवला आणि बोट न काढता बघत राहिल्या. मग बोट काढलं. चहा हलला नाही. "बरं झालं बाबा," त्या म्हणाल्या, "आज झोप लागंल मला." त्यांचं काम झालं होतं. तालिबचं झालं नव्हतं. कारण गणितवाल्याचा जीव संशयी, त्याला मन सांगतं ते पुरत नाही. माणूस उशी म्हणतो ते मान अवघडली म्हणूनही म्हणतो. दक्षिणेला पाय झाल्याची भीती तर अर्धवट शुद्धीतल्या माणसालाही वाटेल. उशी म्हटल्यानं प्रमेय कळलं असं सिद्ध होत नाही, आणि विचारावं तर कसं, पुन्हा ते डोळे पोत्यांवर गेले होते, तोंड मिटलं होतं. सांगायचं ते सांगून झालं, पोचलं की नाही ते आता कळायचं नाही, असं स्वतःला समजावत त्यानं चहा संपवला आणि कप खाली ठेवला. घोडेगावची शेवटची जीप गाठायची तर आता उठायलाच हवं होतं. "येतो सर," तो म्हणाला, आणि वाकून त्यानं त्यांच्या डाव्या हाताला हात लावला. हात त्याच्या हाताखालून निसटला. थरथरत तो गोधडीच्या काठाशी गेला, तिथं टाक्यांवर दोन बोटं उभी राहिली, आणि चालायला लागली. एक पुढं, एक मागं. एका ठिकाणी गोधडीला चुणी होती. पुढचं बोट तिच्यावर चढलं, उतरलं. मग मागचं त्याच चुणीपाशी आलं, चढलं, उतरलं. बोटं अडखळत होती, वाटेत थांबत होती, थकत होती, तरी फेरा अर्धवट सोडत नव्हती. सर परत सांगत होते, पहिल्यापासून. गोजरबाई काही बोलणार होत्या, तालिबनं हातानंच थांबवलं. दोन बोटं गोल फिरून निघाल्या जागी आली आणि शेजारी शेजारी उभी राहिली. सरांनी मान वळवली आणि त्याच्याकडं बघितलं. उत्तर सांगून झाल्यावर पोर जसं मास्तरकडं बघतं, तसं.

तालिब म्हणाला, "बरोबर."